पाठभेट

डोंगराच्या पोटाशी, जिथं दगडाची खाण संपते आणि बाभळी सुरू होतात, तिथं फार वर्षांमागं बारा घरांची एक वस्ती होती. वस्तीतले पुरुष जात्यांना टाकी लावायला गावोगाव फिरायचे. महिना महिना घरी नसायचे. मागं राहायच्या बायका, लेकरं आणि डुकरं. प्रत्येक घरामागं दगड रचून केलेलं एक खोपटं, आणि त्यात दोन-चार डुकरं. सण असो, लग्न असो, अडीनडी असो, त्या डुकरांवरच निभावून जायचं.

या वस्तीत एक रीत होती. कुणाचं डुक्कर अचानक गेलं, तर बाकीच्या अकरा घरच्या बायका आपापलं गाडगं घेऊन त्या घरच्या बाईकडं जायच्या. आपल्या घरचं थोडं खरकटं, थोडा कोंडा तिच्या डुकरांच्या डोणीत ओतायच्या. खोपट्यात वाकून शिरायच्या आणि उरलेल्या जनावरांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, "घाबरू नका गं, आम्ही आहोत." याला त्या पाठभेट म्हणायच्या. पाठभेटीला न येणाऱ्या बाईशी वर्षभर कुणी धड बोलत नसे. रीत मायेची होती. वाईट मनानं ती कुणीच पाडली नव्हती.

त्या वस्तीत गिरजा नावाची एक तरणी बाई होती. कडेवर दहा महिन्यांची लेक, नवरा टाकीला गेलेला. तिच्या खोपट्यात एक काळी डुकरीण, तिची सहा पिल्लं आणि वाढीला लागलेली दोन डुकरं. एवढी लक्ष्मी वस्तीत दुसऱ्या कुणाकडं नव्हती. पण गिरजा भारी भित्री. लेक दोनदा शिंकली तरी दिवसभर तिचं कपाळ चाचपत बसायची. शेजारच्या यल्लाआत्या, म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत वडील बाई, हसून म्हणायच्या, "अगं, त्या पोरीला जरा मोकळेपणानं शिंकू तरी दे!"

एका सकाळी गिरजा कोंडा घेऊन खोपट्याशी गेली, तर दोन मोठ्यांपैकी एक डुक्कर उठेना. काल संध्याकाळी हेच डुक्कर डोणीसाठी काळीला ढकलत होतं. तिनं कानाला हात लावला, तर कान तव्यासारखा तापलेला. पोटावर जांभळे डाग. दुपार व्हायच्या आत ते गेलं. आणि दुसरं मान टाकून बसलं.

 असले जांभळे डाग गिरजानं आधी पाहिले होते. कुठं, ते आठवायलाही तिला नको वाटलं.

आठच दिवसांपूर्वी ती नदीकाठच्या वस्तीत बहिणीकडं गेली होती. तिथं डुकरं पटापट मरत होती. ती गेली होती पाठभेटीलाच; रीत तिथंही हीच होती. बहिणीच्या आजारी डुकराच्या पाठीवर हात फिरवला, त्या खोपट्यातला चिखल पायाला घेऊन घरी आली, आणि पाय न धुता तशीच काळीला कोंडा घालायला आत शिरली.

ती लेकीला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली आणि बहिणीच्या वस्तीतलं एकेक घर आठवू लागली. आधी बहिणीची डुकरं गेली. मग शेजारच्याची जायला हवी होती, कारण भिंतीला भिंत लागलेली. पण ती तर ठणठणीत होती! त्याऐवजी गेली ती पार टोकाच्या घरची. टोकाच्या घरची बाई पाठभेटीला सगळ्यांत आधी आली होती. तिच्यामागून जी आली, तिची डुकरं तिच्यामागून गेली. आणि शेजारच्या घरात होती ओली बाळंतीण. तिच्या घरातून कुणी कुठं गेलं नव्हतं, आणि विटाळ म्हणून तिच्याकडंही कुणी आलं नव्हतं. बहीण तेव्हा म्हणाली होती, "बाळंतिणीचं नशीब बघ कसं असतं!" गिरजानंही मान हलवली होती.

आता तिची मान हलेना. नशीब कसलं? आजार बायकांच्या हातापायांनी घरोघर गेला होता. मायेनं गेला होता. आणि इथं तो तिच्याच पायांनी आला होता.

कुणालाच हे ठाऊक नव्हतं. ती गप्प बसली असती, तर चार दिवसांनी साऱ्या वस्तीनं दैवाला बोल लावला असता, तिला कुणी लावला नसता. हा विचार तिच्या मनात आला, खोटं कशाला सांगायचं. लेकीकडं बघत ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग उठली. बाभळीच्या दोन मोठ्या फांद्या ओढत आणल्या आणि परसातल्या जनावरांच्या वाड्याच्या तोंडाशी आडव्या टाकल्या. हाताला काटे लागले ते तसेच राहू दिले.

तोवर बायका आल्याच. पुढं यल्लाआत्या, डोक्यावर गाडगं, मागं रांगच.

"हे काय गं?" आत्या काट्यांकडं बघून म्हणाल्या. "शेळ्या शिरतात होय तुझ्याकडं?"

"आत्या, आत येऊ नका. पाया पडते."

"पाठभेटीला आलोय, जेवायला नाही. हो बाजूला."

"नाही व्हायची."

मागच्या बायकांत कुजबुज झाली. भागी नावाची एक ठसकेबाज बाई होती, ती मोठ्यानं म्हणाली, "गिरजाची डुकरं राजाच्या राण्या झाल्या बाई! भेटायला आता परवानगी लागते!" सगळ्या हसल्या. यल्लाआत्या हसल्या नाहीत.

"माझ्या सासूच्या सासूपासूनची रीत आहे ही," त्या म्हणाल्या. "माझं पहिलं डुक्कर गेलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. अकरा जणींनी हात फिरवला म्हणून मी उभी राहिले. आणि तू मला दारातून परत पाठवतेस?"

 कडेवरची लेक रडायला लागली होती.

"आत्या, हे मी आणलंय," गिरजा म्हणाली. "बहिणीकडची पाठभेट करून आले आणि न धुतल्या पायांनी आत शिरले. माझ्या चुकीनं माझी डुकरं मरतील. तुम्ही आत आलात, तर इथला चिखल तुमच्या पायाला लागेल. मग तुमचीही मरतील, आणि ती पण मीच मारलेली असतील." आणि बाळंतिणीच्या घरासकट सगळं तिनं जसं आठवलं तसं सांगितलं.

 एकीनं आपलं गाडगं कमरेवरून खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "मग उभी आहेत ती आजच कापून वाटे घालायचे का? वाया तरी जाणार नाहीत."

"आणि मटण धुतलेलं पाणी, हाडं, उरलंसुरलं कुठं जाईल? तुमच्याच डोणीत ना? नको गं बाई. पुरणार मी. खोल पुरणार."

"आणि आम्ही काय नुसत्या बघत बसायचं?" यल्लाआत्यांनी विचारलं. 

"घरी जा, पाय धुवा, आपली डुकरं आत कोंडा. एकमेकींच्या खोपट्यात महिनाभर जाऊ नका. मला पाणी तेवढं त्या मोठ्या दगडापाशी ठेवत जा, गाडगं परत नेऊ नका." गिरजानं एक दम घेतला. "आणि सांजेला आपापल्या दारात उभ्या राहून मला हाक मारा. मला ऐकू येईल."

यल्लाआत्या वळल्या. भागीनं मात्र जाताजाता मागं पाहिलं आणि म्हणाली, "राण्यांना सांग, भागी येऊन गेली." पण या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

पुढचे दिवस गिरजानं कसे काढले, ते तिचं तीच जाणे. दुसरं डुक्कर त्याच दिवशी गेलं. मग पिल्लं, आज एक, उद्या दोन. ती लेकीची झोळी दूर बाभळीला बांधायची, नवऱ्याची पहार घ्यायची आणि कमरेइतका खड्डा खणायची. खणून झालं की हातपाय चुन्याच्या पाण्यानं घासघासून धुवायची, लुगडं बदलायची आणि मगच लेकीला हात लावायची. कधी कधी धुतलेले हात पुन्हा धुवायची. लेकीचं कपाळ तर दिवसातून वीसदा बघायची. सांजेला दारादारातून हाका यायच्या, "गिरजे, घाबरू नको गं, आम्ही आहोत!" दहा हाका यायच्या. यल्लाआत्यांच्या घरातून हाक यायची नाही.

शेवटी काळी गेली. ती भिंतीला टेकून बसली होती, आणि पिल्लं नसलेल्या कुशीकडं मान वळवून वळवून हुंगत होती. गिरजा तिच्याजवळ बसून राहिली. ती गेल्यावर तिनं तिलाही पुरलं, खोपट्यातलं गवत जाळलं, डोण पालथी घालून चुना फासला. खोपटं झाडून स्वच्छ केलं, जणू उद्या तिथं कुणी राहायला येणार आहे. मग पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.

याला तीन-चार दिवस झाले असतील. सकाळच्या वेळी शेजारून दगड घासटण्याचा आवाज आला. गिरजानं कुंपणावरून पाहिलं. साठी उलटलेल्या यल्लाआत्या एकेक दगड ओढत आपल्याच वाड्याचं तोंड बंद करत होत्या. पदर खोचलेला, केस सुटलेले.

"आत्या? काय झालं?"

आत्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्या सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "माझ्या दाराशी कुणी फिरकू नका! माझं डुक्कर तापलंय! गिरजा खड्डा खणायला गेली होती तेव्हा मी मागनं तिच्या खोपट्यात शिरले. काळीच्या पाठीवर हात फिरवून आले. मला राहवलं नाही. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, सगळ्यांनी ऐका!"

घराघरातून बायका दारात आल्या आणि दारातच थांबल्या. कुणी उंबरा ओलांडला नाही. भागी तोंडावर पदर धरून रडत होती, पण तीही हलली नाही.

यल्लाआत्यांच्या हातून एक दगड सुटला. त्या तिथंच खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दोन डुकरं आहेत गं, दुसरंही आता वाचायचं नाही. खड्डे मला एकटीला खणवायचे नाहीत."

गिरजा घरात गेली. लेकीला झोळीसकट उचललं, पहार खांद्यावर घेतली आणि आत्यांच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मागं हो!" आत्या दचकून ओरडल्या. "तूच सांगितलंस ना, कुणी जायचं नाही म्हणून?"

"ज्यांच्याकडं डुकरं आहेत त्यांनी जायचं नाही," गिरजा म्हणाली. "माझ्या खोपट्यात काय उरलंय आत्या, जे मी इथून जाऊन मारीन? बारा घरांत तुमच्याकडं येऊ शकणारी मी एकटीच आहे." आणि तिनं वरचे दोन दगड काढले, आत गेली आणि मागं वळून ते दगड परत जागेवर ठेवले.

दोघींनी मिळून दोन खड्डे खणले. गिरजा खणायची, आत्या माती ओढायच्या. मधे दम खायला बसल्या की आत्या झोळीतल्या पोरीला लांबूनच बोलायच्या, "तुझी आई भित्री आहे म्हणत होते गं मी." पोरगी खुदकन हसायची. काम झाल्यावर दोघींनी चुन्याच्या पाण्यानं हातपाय धुतले, आणि महिनाभर त्या दोघी एकमेकींखेरीज कुणाच्या दारात गेल्या नाहीत.

बाकीच्या दहा घरांत एकही डुक्कर दगावलं नाही. पुढल्या सुगीत त्या दहा घरांनी मिळून गिरजाला एक आणि यल्लाआत्यांना एक तरणी डुकरीण दिली, आणि दोन्ही खोपट्यांत पुन्हा कोंडा पडू लागला. वस्तीतली पाठभेटही बंद पडली नाही. फक्त तेव्हापासून ती आपापल्या दारातून व्हायला लागली, आणि जिच्याकडं जनावर उरलेलं नसेल ती एकटी पहार घेऊन जायला लागली.

तात्पर्य इतकंच, की आपल्या हातून आलेलं संकट लाज सोडून दारात उभं राहून सांगावं. सांगणाऱ्याचं घर कदाचित वाचत नाही, पण बाकीची घरं त्याच्या त्या सांगण्यानंच वाचतात.