दगडावरची उडी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात सुईण नव्हती. ती राहायची डोंगरापलीकडच्या वाडीत, आणि मधे एकच अरुंद पायवाट. त्या वाटेवर वरून सारखे दगड घरंगळून यायचे. म्हणून गावातल्या तरुणांनी एक चांगली चाल पाडली होती. रोज सकाळी सगळ्यांनी मिळून त्या वाटेनं धावायचं आणि वाटेत दगड दिसला की सगळ्यांनी हात लावून तो बाजूला सारायचा. अंगाला व्यायाम आणि गावाला वाट.

या तरुणांचा एक म्होरक्या होता. पायाला भिंगरी लागलेला गडी. एकदा घाईत त्यानं एक दगड हलवलाच नाही, सरळ त्यावरून झेप घेतली. खाली चावडीवर बसलेल्यांनी ती झेप पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. झालं! टाळ्यांची चटक फार वाईट. दुसऱ्या दिवसापासून सगळेच उड्या मारायला लागले. पुढे तर कुणी दगड सारायला वाकला की म्होरक्याच ओरडायचा, "अरे, राहू दे तो! मग उडी कशावरून मारायची?"

एके दिवशी सुईणीनं त्यांना वाटेत अडवलं.

"लेकरांनो, वळणावर मोठाले धोंडे येऊन बसलेत. तुम्ही उडता, मी कशी येऊ? माझे गुडघे गेलेत."

"आजी, गावच्या जत्रेतली शर्यत होऊ दे. मग सगळे काढतो," म्होरक्या म्हणाला.

"अरे, तुझ्याच घरी दिवस भरत आलेत की!"

"मग तर काळजीच नको," म्होरक्या हसला. "तुला न्यायला मीच येईन. माझ्यासारखा धावणारा आहे कोण?"

जत्रा आली. म्होरक्या शर्यतीत पहिला आला. गळ्यात हार पडतोय तोच घरून निरोप आला, बायकोला कळा सुरू झाल्यात आणि मूल आडवं आलंय. तो हारासकट पळत सुटला. इतका जोरात तो जन्मात धावला नव्हता. सगळे धोंडे ओलांडून, बघता बघता तो सुईणीच्या दारात उभा राहिला. म्हातारी हातातलं टाकून निघाली.

वळणावर मात्र ती थांबली. म्होरक्यानं धोंड्याला खांदा लावला, पण धोंडा आता मातीत घट्ट रुतला होता. एकट्यानं तो हलणार कसा? सोबती सगळे खाली जत्रेत. त्यानं म्हातारीला पाठीवर घेतलं, तर त्या अरुंद वाटेवर ओझ्यासकट उडी मारायची त्याची छाती होईना. शेवटी म्हातारी प्रत्येक धोंड्यावर हातापायांनी चढली आणि बसून बसून पलीकडे उतरली. तिचे गुडघे सोलले. "चल बाबा, चल," असं तीच त्याला म्हणत होती.

ते घरी पोचले तेव्हा दारातल्या बायका बाजूला झाल्या. बायको वाचली. बाळ गेलं होतं.

"आजी, मी तर धावतच आलो होतो," म्होरक्या रडत म्हणाला.

"तू वेळेवर आलास रे," सुईण म्हणाली. "वेळ मला लागला."

तेव्हापासून म्होरक्या रोज सकाळी पहार घेऊन एकटाच त्या वाटेवर जातो आणि दगड उकरतो. बायको अजून त्याच्याशी धड बोलत नाही. त्याचे सोबती आजही तिथून धावतात. त्यानं हाका मारल्या तरी थांबत नाहीत. तो वाकलेला असला की त्याच्या पाठीवरून उडी मारून पुढे जातात, आणि खाली चावडीवर टाळ्या पडतात.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी वाट साफ करायची, त्यांच्या पायांनी ती आधी चालून बघावी. आपल्या उडीवरून ती जोखू नये.