चौकटीबाहेरची दोन माणसे

एकदा एका जिल्ह्याच्या गावी एक वृद्ध छायाचित्रकार राहत होते. चाळीस वर्षे त्यांनी वर्तमानपत्रासाठी छायाचित्रे काढली होती, आणि निवृत्तीनंतर शिकायला येणाऱ्यांपासून ते हातचे काही राखून ठेवत नसत. हेरंब हा त्यांचा सर्वांत लाडका शिष्य. त्याच वर्तमानपत्रात तो आता छायाचित्रकार होता आणि रविवारची पुरवणीही तोच पाहत असे.

एका रविवारी हेरंबाचे छायाचित्र पुरवणीचे अख्खे पहिले पान व्यापून आले. रेल्वेच्या दोन रुळांच्या मधोमध एक तरुण गायिका बसली होती. मांडीवर तानपुरा, डोळे मिटलेले, आणि तिच्यामागे दोन्ही रूळ धुक्यात विरत गेलेले. खाली ओळ होती : ‘तुमच्याही अशा मुक्त क्षणांची छायाचित्रे नाव आणि फोन नंबरासह पाठवा.’ दिवसभर हेरंबाला कौतुकाचे फोन येत राहिले. संध्याकाळी तो पुरवणी घेऊन सरांकडे गेला.

सरांनी पान बराच वेळ पाहिले. मग एवढेच म्हणाले, “उद्या सकाळी सातला ये. कॅमेरा आणू नकोस.”

सकाळी सर त्याला गावाबाहेर आपल्या मेहुण्यांच्या पेरूच्या बागेत घेऊन गेले. बागेच्या तारेच्या कुंपणापलीकडे, वीसेक पावलांवर, रेल्वेमार्ग होता. कुंपणाच्या आतच त्यांनी हेरंबाला थांबवले.

“रुळांकडे पाठ करून उभा राहा. गाडी ऐकू आली की हात वर कर.”

हेरंबाला हसू आले. “सर, रेल्वे आहे. ती काय चोरपावलांनी येणार आहे?”

“हात वर कर, एवढंच.”

हेरंब पाठ करून उभा राहिला. वारा समोरून येत होता. दूर कुठेतरी पाण्याची मोटार चालू होती, पेरूंवर पोपट कलकलत होते. सरांचे वय झाले, असे त्याच्या मनात येऊन गेले. सरांनी आपल्याला आजवर असे काही करायला लावले नव्हते, हेही त्याला आठवले. तो कान देऊन ऐकत होता. आणि एकाएकी पाठीमागून हवेचा लोट आला. पायाखालची जमीन हादरली. त्याने हात उचलला, तो खांद्यापर्यंत पोचला असेल नसेल, तोच कानठळ्या बसवणारा आवाज त्याच्यावर कोसळला. तो वळला तेव्हा इंजिन पुढे निघून गेले होते आणि डब्यांमागून डबे समोरून धावत होते.

गाडी गेल्यावर तो खाली मातीतच बसला.

“वळणावर इंजिन दिसलं, तेव्हापासून मी आकडे मोजत होतो,” सर म्हणाले. “अकराव्याला ते तुझ्यापाशी पोचलं. तुझा हात दहाव्याला हलला. तू तर कान टवकारून उभा होतास. ती मुलगी डोळे मिटून गात होती.”

“पण सर, आम्ही काळजी घेतली होती,” हेरंब कसाबसा म्हणाला. “गाड्यांच्या वेळा बघितल्या होत्या. दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा केला होता.”

“ती दोन माणसं फोटोत कुठे आहेत?”

एक माणूस चौकटीच्या कडेला आला होता, आणि छापण्याआधी हेरंबाने स्वतःच तो कापून टाकला होता.

सर त्याच्या शेजारी बसले. “मालगाडीला वेळापत्रक नसतं, आणि माणसं उभी करून रूळ बसायची जागा होत नाही. त्या माणसांनी फक्त तुझ्या मनाला धीर दिला. पण तेही सोड. तुझी सावधगिरी तुझ्यापाशी राहिली आणि लोकांच्या घरी गेलं ते फक्त चित्र. जो पाहील तो म्हणेल, वर्तमानपत्रात आलंय, म्हणजे चालत असेल. आपण काय दाखवलं, एवढंच पाहून भागत नाही, हेरंबा. पाहणारा ते मनात घेऊन कुठे जाऊन उभा राहील, तेही आपल्यालाच पाहावं लागतं.”

पानाखालची ती ओळ हेरंबाला आठवली. तो उठला आणि तडक कार्यालयात गेला.

एका दिवसात चौतीस छायाचित्रे आली होती. त्यांतली एकोणीस रुळांवरची होती. एकात एक बाप आपल्या तीन वर्षांच्या मुलीला बोट धरून रुळावरून चालवत होता. दुसऱ्यात दोन तरुणी गालाला गाल लावून हसत होत्या, आणि त्यांच्या खांद्यांमागे इंजिनाचा दिवा लागलेला होता. त्या तरुणींच्या फोटोखालचा नंबर हेरंबाने लावला. बराच वेळ नुसती घंटी वाजत राहिली.

“हॅलो, ऋतिका बोलतेय.”

त्याने वर्तमानपत्राचे नाव सांगितले.

“आमचा फोटो निवडला का?” तिचा आवाज उजळला. “थोडा हललाय तो. आज संध्याकाळी परत जाणार आहोत आम्ही.”

“तुमच्या मागे गाडी होती.”

“ती शेजारच्या रुळावरून गेली. आम्हाला तर गेल्यावरच कळलं.”

“जाऊ नका,” हेरंब म्हणाला. “आज नको, कधीच नको.”

ती गोंधळली. “पण तसा फोटो तुम्हीच तर छापलात.”

“हो, मीच छापला. ती माझी चूक होती.” मग त्याने सकाळची हकिकत सांगितली. दहाव्या आकड्याला हललेला हातही सांगितला.

“नाही जात,” ती हळूच म्हणाली.

पुढच्या रविवारी पहिल्या पानावर छायाचित्र नव्हते. हेरंबाच्या नावाने क्षमायाचना होती आणि त्यात कापून टाकलेल्या माणसाचाही उल्लेख होता. पण त्याआधी, ऋतिकाशी बोलला त्याच सोमवारी, तो उरलेले अठरा नंबर लावत बसला होता. त्या बापाचा फोन काही केल्या लागत नव्हता. मंगळवारी दुपारी तो लागला; मागे एक लहान मुलगी खेळण्यासाठी हट्ट करत होती. हेरंबाने सगळे सांगितले, फोन ठेवला, आणि आदल्या सकाळपासून पहिल्यांदाच तो जेवायला बसला.