मुल्ला सरांची फुकट फेरी

“पण सर, तुम्ही लोकांना काही सांगत का नाही?”

मे महिन्यातल्या एका सकाळी, रंकाळ्याच्या काठावर, श्रीपतराव इंगवल्यांनी अखेर विचारलंच.

मुल्ला सर चष्मा पुसत होते. शाळेतली चित्रकला शिकवणं संपल्यापासून उन्हाळ्यातल्या दर रविवारी ते कोल्हापुरात फेरी काढत. फी नाही, नावनोंदणी नाही. कागद-पेन्सिल घेऊन यायचं आणि सरांच्या मागून चालायचं. तळ्याकाठून, जुन्या गल्ल्यांतून, आणि शेवटी कुठलं तरी फुकटातलं चित्रप्रदर्शन. सर मधेच थांबत, कुठंतरी बघत, पुढं निघत. बस्स.

“काय सांगू?” सर म्हणाले.

“अहो, घाट कुणी बांधला, दगड कुठला, पाणी किती खोल… लोक उन्हातान्हातून येतात. फुकट असलं म्हणून काय झालं?”

“तुम्हाला ठाऊक आहे हे सगळं?”

श्रीपतराव नुसते हसले. पाटबंधारे खात्यात त्यांची हयात गेली होती. हल्ली घरात मात्र ते बोलू लागले की सून मिक्सर लावायची.

“मग येत्या रविवारी तुम्ही पुढं चाला,” सर म्हणाले. “मी मागं राहतो.”

श्रीपतरावांनी आठवडाभर वाचन केलं. गळ्यात अडकवायचा लाउडस्पीकर आणला.

रविवारी घाटाच्या पहिल्या पायरीवरच त्यांनी सुरुवात केली. पाण्याची खोली झाली, दगडाची जात झाली, गाळ काढायचा तर कसा काढावा हेही झालं. लोकांनी आधी माना डोलावल्या. मग नुसत्याच हलवल्या. मग…

मग काय झालं ते श्रीपतरावांना कळलं नाही. मागं बघायला सवड कुणाला होती? कमानीखाली ते कमानीवर बोलले, तालमीपाशी तालमीवर बोलले, कोरड्या नळापाशी तर त्यांना विशेष स्फूर्ती आली. असे बोलत बोलत प्रदर्शनाच्या दारात पोचले आणि “तर मंडळी,” म्हणत वळले.

मागं मुल्ला सर एकटेच उभे होते.

“… बाकीचे?”

“आहेत वाटेत.”

श्रीपतरावांनी लाउडस्पीकर बंद केला. दोघं आल्या वाटेनं परत निघाले.

तालमीच्या दारात बँकेतले कुंभोजकर फतकल मारून बसले होते. कागदावर भिंतीला टेकवलेल्या लाकडी मुद्गलांची रांग उतरत होती. गल्लीत कॉलेजच्या दोन मुली समोरच्या सज्ज्यावर वाळणारी गोधडी चितारत होत्या. कुणी मान वर केली नाही. ‘तुम्ही पुढं गेला होता काय’ असंही कुणी विचारलं नाही, आणि श्रीपतरावांना तेच जास्त लागलं.

ते घाटावर येऊन उभे राहिले.

“साहेब,” मागून फेरीतल्या फराकटेमावशींचा आवाज आला, “जरा बाजूला सरा की. म्हस दिसंना.”

मावशी मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या. श्रीपतराव सरले. मग त्यांनी समोर पाहिलं.

पाण्यात म्हशी डुंबत होत्या. एकीच्या पाठीवर बगळा उभा होता, लग्नातल्या व्याह्याच्या ऐटीत. म्हशीनं फुस्सकन श्वास सोडला. बगळा दचकला, पण हलला नाही. उलट आणखी ताठ झाला.

श्रीपतराव बघत राहिले. बराच वेळ…

“सर, ह्या रोज असतात इथं?”

“असतात.”

श्रीपतराव पायरीवर टेकले.

“एवढा बोललो मी. एक माणूस टिकला नाही.”

मुल्ला सर शेजारी बसले. घाटावर जागोजागी कागदांवर वाकलेल्या माना त्यांनी डोळे भरून पाहिल्या.

“मी गप्प राहायचो,” ते म्हणाले, “तर सगळे माझ्या पाठीकडं बघत चालायचे. येत्या रविवारी पण तुम्हीच बोला, साहेब.”