उंबऱ्यावर उभी राहणारी बाई

आमच्या बोरखिंडीच्या ख्रिस्तमंदिरात येणाऱ्या पाहुण्यांना पहिल्यांदा दिसतो तो दारातला काळा दगड. मधोमध तो दोन पावलांएवढा झिजला आहे. प्रार्थना सुरू झाली की सगळी मंडळी डोळे मिटते आणि एक बाई त्या दगडावर, वेदीकडे पाठ करून, डोळे उघडे ठेवून उभी राहते. पाहुण्यांना वाटते, बाईला शिक्षा झाली असावी. तसे नाही. जुनी माणसे त्याची हकिकत सांगतात, ती अशी.

तेव्हा हे दगडी मंदिर नव्हते. गवताने शाकारलेली एक लांब झोपडी होती आणि मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, होते शद्रख उमाप. सगळे त्यांना दादा म्हणत. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार दादांचे. त्यांची प्रार्थना आजारी माणसांपासून सुरू होई, मग एकेका घरावर, मग गुरांवर, मग शेजारच्या चार गावांवर जाई. तोवर दारातले ऊन समोरच्या भिंतीवर चढे, असे सांगतात. पोरे चुळबुळत, म्हातारे गुडघे बदलत, पण डोळे कोणी उघडत नसे.

उघडत असे ती एकटी तबिथाबाई भांबळ. तिचा थोरला मुलगा लहानपणी अशाच एका प्रार्थनेत रांगत रांगत विहिरीच्या काठापर्यंत गेला होता. तो वाचला, पण तेव्हापासून तिचे डोळे मिटेनात. मिटले तरी पापण्या फडफडत, पाय हलत राही, मान दाराकडे वळे. दर सोमवारी कोणीतरी दादांना जाऊन सांगे की काल तबिथाबाईचे डोळे उघडे होते. सांगणाऱ्याला ते कसे दिसले, हे दादांनी कधी विचारले नाही म्हणे.

त्या वर्षी तिच्या मिर्यामचे लग्न ठरले. आमच्यात लग्नाआधी कोणाची हरकत आहे का, अशी पुकार तीन रविवार भर मंडळीत व्हावी लागते. दोन झाल्या होत्या. तिसरी कापणीच्या सणादिवशी व्हायची होती. आदल्या दिवशी दादांनी तबिथाबाईला बोलावून बजावले की उद्या डोळे उघडलेस तर पुकार होणार नाही. पुकार राहिली तर लग्न राहणार, आणि मुलाकडची माणसे नाही नाही त्या शंका काढणार. तिने बायबलवर हात ठेवून कबूल केले : आमेन होईपर्यंत डोळे उघडणार नाही.

सणाला सगळ्या मंडळीचे प्रीतिभोजन असते. झोपडीमागे तीन चुलींवर मटण शिजत होते. प्रार्थनेच्या वेळी कोणी बाहेर थांबायचे नाही हा दादांचा नियम, म्हणून स्वयंपाकाच्या बायकाही हात पुसत आत आल्या. वारा सकाळपासून सुटला होता. दादांनी सुरुवात केली. रश्श्याच्या वासाने पोरांची चुळबुळ वाढली. तबिथाबाईने डोळे इतके घट्ट मिटले की कपाळ दुखू लागले.

दादा तिसऱ्या गावावर, पिंपळदऱ्यावर आले, तेव्हा तिला धुराचा वास आला. चुलीचाच असेल, असे तिने मनाला समजावले. मग डोक्यामागे गवत तडतडू लागले. तिने शेजारणीला कोपराने ढोसले.

"आता तरी नीट बस गं बाई," शेजारीण कुजबुजली. "पोरीचं लग्न आहे."

दादा पिंपळदऱ्याच्या विहिरींना पाणी मागत होते. आमेन अजून फार लांब होते. तबिथाबाई उठून उभी राहिली आणि मिटल्या डोळ्यांनीच मोठ्याने म्हणाली, "आमेन."

वर्षानुवर्षांची सवय. सगळ्या मंडळीने मागोमाग आमेन म्हटले आणि डोळे उघडले. मागचे छप्पर पेटले होते. आधी पोरे बाहेर काढली, मग म्हातारी माणसे. दादा अजून पिंपळदऱ्यातच होते. त्यांना दोघांनी दंडाला धरून आणले. बायबलातला शद्रख राजाने पेटत्या भट्टीत टाकला तरी जसाच्या तसा निघाला होता. आमच्या दादांची मिशी होरपळली.

माणसे सगळी वाचली. झोपडीची राख झाली.

"आमेन मी म्हटलं नव्हतं, तबिथा," दादा म्हणाले.

तिचे पाय अजून एका जागी ठरत नव्हते. "आमेन होईपर्यंत डोळे मिटायचं कबूल केलं होतं, दादा. ते कुणी म्हणायचं हे ठरलं नव्हतं."

मिर्याम आईचा पदर धरून उभी होती. दादांनी तिला पुढे बोलावले. मग तिथेच, उघड्यावर, त्यांनी तिसरी पुकार केली. आणि राखेत उरलेल्या उंबऱ्याच्या दगडाकडे बोट करून तबिथाबाईला म्हणाले, "येत्या रविवारपासून तू तिथं उभी राहा. तोंड बाहेर."

पुढे मंदिर त्याच दगडाला धरून बांधले. आजही बायका पाळीने त्यावर उभ्या राहतात. जिला स्वस्थ बसवत नाही तिला पहिला मान. कापणीच्या सणाला उमापांच्या घरातला कोणीतरी दादांची अर्धी राहिलेली प्रार्थना पिंपळदऱ्यापासून पुढे चालवतो. विहिरींना पाणी मागून तो चौथ्या गावाकडे, लिंबखेड्याकडे वळतो न वळतो तोच दारातली बाई एकदा आता दारासमोरच मांडलेल्या चुलींकडे बघते, पायाचा भार बदलते आणि आमेन म्हणते. सगळी मंडळी ते लगेच उचलते.

लिंबखेड्याची माणसे सणाला जेवायला येतात आणि दरवर्षी विचारतात, आमची पाळी कधी येणार. दगडावरची बाई त्यांना सांगते, आधी जेवून घ्या.