तिन्ही किनाऱ्यांचा दोर

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाच्या तोंडी उरलेलं नाही. एका मोठ्या आखाताच्या काठी पाणबुड्यांचं गाव होतं. समुद्राच्या तळाशी जायचं आणि मोत्यांचे शिंपले वर आणायचे, हेच त्यांचं काम.

काम मोठं जोखमीचं. पाणबुड्या कमरेला दोर बांधायचा, जड धोंड्यावर पाय ठेवायचा आणि सरसर खाली जायचा. दोराचं दुसरं टोक होडीतल्या माणसाच्या हातात असायचं. श्वास संपत आला की खालून दोराला हिसका बसायचा आणि वरचा माणूस त्याला ओढून घ्यायचा. खालच्या माणसाचा जीव वरच्या माणसाच्या मुठीत. म्हणून प्रत्येक पाणबुड्यामागे दोर धरणारा एक, ही वाडवडिलांची रीत होती. ती मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे.

त्या गावात आवडू नावाची बाई राहायची. ती आपल्या भावाचा, लखूचा दोर धरायची. दोघांना आईवडील नव्हते. शेजारच्या घरातला भिवा लखूबरोबर समुद्रात उतरायचा आणि त्याचा दोर त्याची बायको सगुणा धरायची. चौघं एकाच होडीतून जात आणि एकाच होडीतून परत येत.

गावाचे सगळे शिंपले एकच शेट विकत घ्यायचा. दरवर्षी त्याचं गलबत यायचं. एका वर्षी तो आला तो उतरलेला चेहरा घेऊनच. किनाऱ्यावर बसला आणि म्हणाला, "आता जुन्या रीतीनं चालायचं नाही. आखातापलीकडचे लोक एकाच माणसाच्या हाती दोन दोर देतात. माणसं कमी, म्हणून त्यांचा माल मला स्वस्त पडतो. तुम्हाला जमणार नसेल, तर माझं गलबत इकडे वळायचं नाही."

होड्यांचा म्होरक्या रायाजी तांडेल गावात सगळ्यांत वयस्क होता. तो म्हणाला, "शेट, अशानं कुणाचा तरी जीव जाईल."

"त्यांचे कुठे जातात?" शेट म्हणाला. "ती माणसंच वेगळी आहेत तांडेल. भीती म्हणून ठाऊक नाही त्यांना. तुमच्या तोंडचा घास पळवायला टपून बसलीत."

गावातल्या कुणीच पलीकडची माणसं कधी पाहिली नव्हती. आभाळ स्वच्छ असलं की समोर एक काळसर रेघ दिसायची, तेवढीच त्यांची ओळख. त्या दिवसापासून बाया पाणी भरताना त्या रेघेकडे पाहायच्या आणि घाईनं घरी परतायच्या. पोरं रडली की त्यांना सांगायच्या, "गप्प बस, नाहीतर पलीकडचे येतील."

आणि गावानं शेटचं ऐकलं. भीतीपोटी ऐकलं. सगुणाला घरी बसवलं आणि दोन्ही दोर आवडूच्या हाती आले.

सुरुवातीला निभावलं. मग एके दिवशी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, तिच्या दोन्ही हातांना एकदमच हिसके बसले.

आवडूनं विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. तिनं एक दोर पायाखाली दाबला आणि दुसरा ओढायला लागली. पाण्याबाहेर लखूचं डोकं आलं. त्याला होडीच्या कडेला लटकता ठेवून तिनं पायाखालचा दोर उचलला. तो अजून थरथरत होता. अर्ध्यावर आला आणि थरथरायचा थांबला.

भिवाला तिनं वर आणलं. पण तो आता भिवा राहिला नव्हता.

संध्याकाळी ती सगुणाच्या दारात जाऊन उभी राहिली. सगुणाच म्हणाली, "तू लखूला आधी ओढलंस ना?"

"हो."

"मी असते तर मी भिवाला आधी ओढलं असतं." एवढं बोलून ती भिंतीला टेकली. मग तिनं विचारलं, "आवडू, मी घरी का बसले होते गं?"

शेट आला तेव्हा त्यानं हळहळ व्यक्त केली. सगुणाला धान्य दिलं, लुगडं दिलं. पण गलबत हाकारताना म्हणाला, "वाईट झालं खरं. पण काय करणार? पलीकडे तर आता एका माणसाकडे तीन दोर द्यायला लागलेत. पुढच्या खेपेला तुम्हालाही तसंच करावं लागेल."

तीन दोर! लखू रात्री झोपेतून दचकून उठू लागला. होडी दिसली की तो माघारी वळायचा.

एका सकाळी आवडू रायाजी तांडेलाकडे गेली. "तांडेलबाबा, मला पलीकडे जायचंय."

"वेड लागलं का तुला? मारून टाकतील."

"इथं तरी काय जगतोय आपण? ती माणसं तीन दोर कसे धरतात ते मला एकदा डोळ्यांनी पाहायचंय."

मागून सगुणाचा आवाज आला. "मी पण येते."

म्हाताऱ्यानं दोघींकडे पाहिलं, होडी पाण्यात ढकलली आणि वल्हं स्वतः हातात घेतलं.

होडी आखात ओलांडू लागली. ती काळसर रेघ हळूहळू जाड झाली, मग तिच्यात माड दिसू लागले, मग झोपड्या. किनाऱ्यावर माणसं धावत जमली. कुणाच्या हातात वल्ही होती, कुणाच्या हातात मासे मारायचे भाले. आवडूनं सगुणाचा हात घट्ट धरला आणि दोघी तशाच गुडघाभर पाण्यातून वाळूवर आल्या.

गर्दीतून एक उंच बाई पुढे आली. तिची आई लहानपणी आवडूच्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका गावातून इकडे आलेली, म्हणून तिला त्या किनाऱ्याची बोली मोडकीतोडकी यायची. तिचं नाव नीलाक्का. तिनं भाला रोखूनच विचारलं, "तुम्ही त्याच ना? एका माणसाकडे तीन दोर देता त्याच?"

आवडूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आम्ही? तीन दोर तुम्ही धरता!"

"खोटं. शेट म्हणाला, तुमच्याकडे धरतात. म्हणाला, तुम्हाला भीती ठाऊकच नाही. आमच्या तोंडचा घास घ्यायला टपलात."

सगुणा मटकन वाळूवर बसली आणि रडायला लागली. भिवा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. नीलाक्काला त्या रडण्याचं कारण विचारावं लागलं नाही. तिनं भाला खाली टाकला, सगुणाजवळ बसली आणि आपले दोन्ही तळवे उघडून दाखवले. दोराच्या घर्षणानं कातडं सोलून निघालं होतं. "माझी बहीण गेली," ती म्हणाली. "मला दोघांना ओढायचं होतं. मला एकच जमलं."

त्या दिवशी दोन्हीकडची माणसं एकाच चुलीवरचं जेवली. जेवताना ठरलं. एका पाणबुड्यामागे दोर धरणारा एक. पाणी गढूळ असेल, वारा फिरला असेल, तर कुणी उतरायचं नाही. लहान पोरांना तळाशी पाठवायचं नाही. दोन्ही किनाऱ्यांवर एकच रीत. ज्याला शिंपले हवे असतील त्यानं ती मानायची.

"पण तुम्ही पाळता की नाही हे आम्हाला कसं कळणार?" तिथल्या एकानं नीलाक्काकरवी विचारलं.

प्रश्न खरा होता. मध्ये एवढं पाणी. शेवटी सगुणा म्हणाली, "मी इथं राहते. तुमच्यातलं कुणी आमच्याकडे जा." नीलाक्का उठली आणि रायाजीच्या होडीत जाऊन बसली.

आवडूकडून सगळं ऐकून गावानं ती रीत मान्य केली आणि शेट पुन्हा आला तेव्हा त्याला ही नवी अट सांगितली. तो हसला. मग चिडला. मग निघून गेला. गलबत गेलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. शिंपले विकले जाईनात. कणगीतलं धान्य खाली खाली जाऊ लागलं. माणसं नीलाक्काकडे तिरक्या नजरेनं बघू लागली. ती पाण्याला गेली की बाकीच्या बाया घागरी उचलून निघून जायच्या.

काही दिवसांनी गलबत परत आलं. शेट किनाऱ्यावर उभा राहून ओरडला, "अरे, तुम्ही उपाशी बसलात आणि पलीकडचे कधीच पाण्यात उतरले! तीन तीन दोर घेऊन! तुम्हाला फसवलं त्यांनी!"

गावात एकच गिल्ला झाला. काही तरुण होड्यांकडे धावले. काही नीलाक्काच्या झोपडीकडे धावले. तिला ओढत बाहेर आणलं. कुणीतरी तिच्यावर दगड उगारला. आवडू मध्ये पडली. "थांबा! आधी तिला विचारा तरी!"

"सांग," दगडवाला ओरडला. "तुझी माणसं उतरली का?"

नीलाक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला सहज म्हणता आलं असतं, की नाही, कधीच नाही. पण ती हळूच म्हणाली, "मला माहीत नाही. मी इथं आहे. त्यांनाही भूक आहे. त्यांनाही भीती वाटत असेल."

आवडूलाही आतून भीतीनं घेरलं. उतरले असतील तर? लखूला तीन दोरांतला एक होऊन जावं लागलं तर? तिनं शेटच्या गलबताकडे पाहिलं. ते पाण्यावर उंच, हलकं तरंगत होतं. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"शेट," तिनं विचारलं, "ते उतरले असतील, तर तुमचं गलबत शिंपल्यांनी भरायला हवं होतं. रिकामं का आहे? आणि माल तिकडे मिळत असेल, तर तुम्ही इथं आमच्या वाळूवर कशाला उभे आहात?"

शेट गलबताकडे वळला. हातातला दगड टाकून तो तरुण खाली मान घालून निघून गेला.

तरी भीती संपली नाही. शेटनं शिडं उभारली आणि गलबत दक्षिणेकडे वळवलं. रायाजी म्हणाला, "तिकडे आणखी एक किनारा आहे. आपल्यापेक्षा गरीब. तिथले लोक नाही म्हणणार नाहीत."

आवडू आणि नीलाक्का तिकडे निघाल्या. वाटेत पलीकडे थांबून सगुणाला घेतलं; तिकडेही कुणी रीत मोडली नव्हती. तिथं पोहोचल्या तेव्हा होड्या पाण्यात होत्या. प्रत्येक होडीत एकच माणूस, आणि त्याच्या हातात तीन दोर. त्या गावचा मुखिया, हणमा नावाचा रापलेला माणूस, तो पण होडीतच होता. यांनी सांगायला सुरुवात केली तसा तो फाडकन म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही पोटभर खाल्लंत. आता कुठे आमच्या घरी चूल पेटली, तर विझवायला आलात? चालत्या व्हा!"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. आवडू त्याला समजावू लागली. सगुणा मात्र बोलत बसली नाही. ती सरळ त्याच्या होडीत चढली, त्याच्या हातातला एक दोर काढून घेतला आणि बसली. नीलाक्कानं दुसरा घेतला. हणमानं तिसरा दोर घट्ट धरला. "हे कशाला? आम्ही तुम्हाला काही देणार नाही."

"नका देऊ," सगुणा म्हणाली.

ऊन चढलं. एकाएकी तिन्ही दोरांना एकामागोमाग हिसके बसले. हणमानं आपला दोर ओढला. सगुणानं ओढला. नीलाक्कानं, सोललेल्या तळव्यांनी, ओठ दाताखाली धरून ओढला. पाण्याबाहेर तीन डोकी आली. तिघंही खोकत होते, तिघंही श्वास घेत होते. ते हणमाचे तिन्ही मुलगे होते.

हणमानं तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. रोज सकाळी तिघांच्या कमरेला दोर बांधून देताना आपण मनात कुणाचा निरोप घेत होतो, हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्यानं होडी किनाऱ्याला लावली आणि बाकीच्या होड्यांना हाक मारली, "बाहेर या रे सगळे!"

शेटपुढे चौथा किनारा नव्हता. तो वाळूवर येऊन बसला आणि पहिल्यांदाच खरं बोलला. "मीसुद्धा भितो रे. मी महाग घेतलं तर राजधानीत दुसरा व्यापारी स्वस्त विकेल आणि माझी पेढी बुडेल."

"मग ही रीत त्यालाही सांगा," आवडू म्हणाली. "तो आला तर त्यालाही आम्ही हेच सांगणार आहोत. तिन्ही किनाऱ्यांवर."

शेटनं अट मानली आणि माल घेऊन निघाला. राजधानीत मोती थोडे महाग झाले. काही दिवस बाजारात कुरकुर झाली, मग लोक विसरले आणि मोती विकत घेत राहिले. दुसरे व्यापारी आले, त्यांनाही तीच अट मिळाली आणि त्यांनीही ती मानली. हणमाच्या गावात चूल पेटती राहिली, आणि पहिल्यापेक्षा जास्त होड्यांत जास्त माणसांना काम मिळालं.

त्यानंतरही समुद्रानं माणसं घेतली. समुद्र कुणाचं ऐकत नाही. पण वर दोर ओढायला हात मोकळा नव्हता म्हणून मेलेला माणूस त्या आखातात पुन्हा कुणी पाहिला नाही.

लहानथोरांनो, या गोष्टीतून एवढंच घ्या: परक्या मुलखातल्या कष्टकऱ्याची भीती दाखवून कुणी तुमचा हक्क मागू लागला, तर घाबरून तो देऊ नका, आधी त्या कष्टकऱ्याला जाऊन भेटा, कारण त्यालाही तुमचीच भीती दाखवलेली असते.