डाव्या देवळीतला अंधार

"लई दिस झालं, हितं अंधार हाय. दिवा लावा म्हंतो ना, वैनी!"

"न्हाई लावायची."

"मग बांगड्या फोडा. दोन्हीतलं एक कायतरी करा. दादा जित्ता असंल तर दिवा, न्हाईतर..."

"न्हाईतर काय, भावजी? बोला की. ऐकायलाच जमलंय सगळं गाव."

असं ते भांडण चाललं होतं म्हणे, ह्याच उंबऱ्यावर, तुम्ही आता चपला काढल्यात तिथंच. कुणाचं आणि कशावरून ते सांगते. पण आधी तो मोबाइल खाली घ्या आणि दारापासून जरा मागं सरा. डाव्या देवळीत मादी अंड्यांवर बसली आहे. तुम्ही असे खांबासारखे समोर उभे राहिलात तर ती उठेल, आणि मग मी तुम्हाला गोष्ट सांगायची नाही, हाकलून देईन.

दाराच्या दोन्ही बाजूंना ह्या देवळ्या दिसतात ना? आमच्या तांबेमाळात प्रत्येक घराला अशा दोन असतात. सिमेंटची घरं झाली, वर टाक्या आल्या, पण गवंड्याला आधी देवळ्यांची जागा दाखवावी लागते. उजवीत रोज सांजेला दिवा लागतो. डावीत कधीच नाही. डावीत आम्ही बायका फणीतून निघालेलं गुंतवळ ठेवतो. बाहेरच्यांना ओंगळ वाटतं. वाटू दे.

पूर्वी देवळी एकच होती, डावी. ती घाटाच्या वाटेला तोंड करून असते. त्या काळी गावातले बाप्ये बैलांच्या पाठीवर धान्य लादून घाट उतरायचे आणि कोकणातून मीठ घेऊन वर यायचे. वाटेत जनावर होतं, लुटारू होते, धुकं होतं. म्हणून ज्या घरचा माणूस वाटेवर असेल त्या घरची बाई ह्या देवळीत दिवा लावायची. त्याला वाटदिवा म्हणत. माणूस परत आला की दिवा बंद. आणि माणूस आला नसताना बाईनं दिवा बंद केला, तर त्याचा अर्थ गावात एकच होत असे: तिनं त्याला मेला म्हणून सोडला. मग बांगड्या फुटायच्या, आणि घर-शेत भावकीकडं जायचं.

ह्या घरात धुरपदा नावाची बाई नांदत होती, असं सांगतात. तिचा नवरा सुभाना मिठाला गेला आणि आला नाही. बरोबरचे आले. त्यांनी सांगितलं, खालच्या बाजारापर्यंत सोबत होता, पुढं दिसला नाही. धुरपदानं दिवा लावला. दुसऱ्या दिवशी लावला. त्या साली गावात पाळण्यात असलेल्या पोरींची पोरं चालायला लागली, तरी तिचा दिवा लागतच होता. मूल नव्हतं. सासू वाट बघतच गेली. धाकटा दीर निंबाजी शेजारी वेगळा राहायचा. सांजेला वात लावायची, उंबऱ्यावर बसायचं आणि घाटाकडं बघायचं, एवढंच तिचं जगणं होतं. दळताना ओवी नाही, कुणाशी दोन शब्द नाहीत. पाण्याला जाणाऱ्या बायका ह्या घरावरून जाताना आपोआप गप्प व्हायच्या म्हणे.

मग एका उन्हाळ्यात तिला हिवतापानं धरलं. शेजारची कोंडाबाई कुंभारीण पेज आणून पाजायची, पण दुसऱ्याच्या वाटदिव्याला हात लावायचा नाही अशी रीत, म्हणून दिव्याला तिनं हात लावला नाही. देवळी अंधारात राहिली. ताप उतरला तेव्हा धुरपदा भिंतीला धरत धरत बाहेर आली, तेलाची बुधली हातात. आणि बघते तर दगडी दिव्याच्या खोलग्यात घरटं.

चिरकाचं. तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला चिरक कुठला माहीत? नर काळा कुळकुळीत, शेपटी कायम वर, आणि शेपटीखाली तांबडं असतं, जणू बसताना कुंकवाचा करंडा लवंडलाय. मादी आपली मातीच्या रंगाची. घरटं गवताच्या काड्यांचं, आणि आत मऊ म्हणून केस लावलेले. अर्धे काळे, अर्धे पांढरे. धुरपदाचेच. तापात गळलेले केस तिनं भिंतीच्या भेगेत खोचून ठेवले होते, ते त्या पाखरानं ओढून नेले होते. त्यावर अंडी.

ती बुधली हातात घेऊन किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. सांज झाली. दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्यावर बसली, पण घाटाकडं पाठ करून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं आपल्या घराकडं बघितलं. नर उखळाच्या काठावर येऊन बसायचा आणि गळा फुगवून बारीक शीळ घालायचा. मादी घरट्यातून उठायची, अंगणातल्या मुंग्या टिपायची, पुन्हा आत. हळूहळू नराची भीड चेपली. तो उंबरा ओलांडून घरात यायला लागला, जात्याभोवती फिरायचा, चुलीपुढच्या राखेत पावलं उमटवायचा. एकदा त्याला घासूनपुसून ठेवलेल्या तांब्यात दुसरा चिरक दिसला. मग काय! छाती काढून तांब्यावर तुटून पडला. तांब्या गडगडत गेला तसा हा उडून तुळईवर बसला, आणि पुन्हा खाली येऊन त्याच शत्रूला शोधायला लागला.

धुरपदा हसली. मोठ्यानं हसली.

आणि तिथंच घात झाला. रस्त्यानं चाललेल्या बायकांनी ते हसू ऐकलं. ज्या घरातून वर्षानुवर्षं आवाज नाही, तिथून हसू, आणि देवळीत दिवा नाही! गावानं आपला अर्थ लावला. हिनं नवऱ्याला सोडला. दुःखसुद्धा नाही बाईला. आत कुणी आहे का म्हणून डोकावून जाणारेही निघाले. जवळ येऊन देवळीत डोकावावं हे मात्र एकालाही सुचलं नाही. गावाला दिवा नसलेला दिसतो, असलेलं दिसत नाही.

कोंडाबाईला तेवढं माहीत होतं. तिनं आपल्या परीनं सांगून बघितलं. "अगं धुरपदे, उचलून बाभळीत ठेव की ते. पाखराचं काय एवढं?"

"हात लागला तर सोडून जातील."

"मग दिवा उंबऱ्यावर लाव."

"वाटदिवा जागचा हलवला तर भावजी काय म्हणतील, ठावं न्हाई व्हय तुला?"

"अगं, घर जाईल तुझं!"

त्यावर धुरपदा देवळीकडं वळली. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली होती. चोची उघडून, डोळे मिटून बसलेली. ती त्यांच्याकडं बघत राहिली. कोंडाबाई गेल्यावर पुन्हा एकटीच. पण आता तो एकटेपणा जरा वेगळा होता, असं मला वाटतं. हे गोष्टीत नाही, माझं आहे. रिकाम्या घरात बसणं वेगळं, आणि आपल्याकडं लक्ष न देणाऱ्या कुणाच्या तरी सोबत बसणं वेगळं. पाखराला तुमचं नाव ठाऊक नसतं. तरी ते तुमच्या केसांवर निजतं.

शेवटी निंबाजी पाटलाला आणि चार माणसांना घेऊन आला. मी निंबाजीच्याच घरातली सून आहे, पण म्हणून त्याला झाकायची नाही. त्याला भावाचं दुःख होतं आणि भावाच्या घरावर डोळाही होता. माणसाला दोन्ही एकदम असू शकतं. बाहेर पाटील काठी टेकून उभा, बायका पदराआडून बघतायत, आणि हा दारात गरजतोय. तुम्ही आल्या आल्या मी सांगितलं तेच ते भांडण. अहोजाहो करत सुरू झालेला निंबाजी आता अगं-तुगंवर आला.

"तू हसतीस म्हणं! माझा भाऊ कुठल्या दरीत पडलाय, आन् तू हसतीस?"

"हसले. त्यात खोटं काय? लई वर्सांनी हसले."

पाटील मधे पडला. "हे बघ पोरी, वाकडं कुणाला नकोय. आमच्यासमोर दिवा लाव, आम्ही जातो. घर तुझंच ऱ्हाईल."

एवढंच करायचं होतं. वात आणि काडी. घर वाचत होतं, कुंकू वाचत होतं, सुभाना गावाच्या लेखी जिवंत राहत होता. धुरपदा दारासमोरून बाजूला झाली आणि तिनं देवळीकडं बोट केलं. निंबाजी पुढं झाला, वाकला. आतून चोची उघडल्या. त्यांना वाटलं आई आली. तो दचकून मागं सरला, पण तोंडातला हेका सुटला नाही. म्हणाला, "पाखरासाठी? एका पाखरासाठी तू दादाचा दिवा इझवलास?"

तेव्हा ती एक वाक्य बोलली. आवाज न चढवता. पाटलानं काठी उचलली आणि तो चालायला लागला. माणसं पांगली. निंबाजी मान खाली घालून घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहार घेऊन आला. भिंत हादरू नये म्हणून हळूहळू, एकेक दगड सैल करत त्यानं दाराच्या उजव्या अंगाला दुसरी देवळी कोरली, आणि धुरपदानं त्या सांजेला तिच्यात वाटदिवा लावला. उजव्या देवळ्या तेव्हापासूनच्या.

मागं जत्रेच्या पत्रिकेत कुणा शहाण्यानं छापलं होतं की पिल्लं उडाली त्याच दिवशी सुभाना घाट चढून आला. मी अक्षरं वाण्याच्या पुडीचे कागद वाचून शिकले, पण खोटं ओळखायला मला शाळा लागत नाही. तो आला नाही. माझ्या सासूनं सांगितलेल्या गोष्टीत तो येत नाही, तिच्या सासूच्याही नाही. पिल्लं मात्र उडाली. एका सकाळी धुरपदा बाहेर आली तर घरटं रिकामं होतं, आत तिचे केस तेवढे. तिनं ते काढलं नाही. आता तिला दोन वाटा बघायच्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात चिरक आला. तोच का दुसरा, कोण सांगणार? ती दर सालचा उन्हाळा तसाच मोजत म्हातारी झाली. गेली तेव्हा उजवीत दिवा होता आणि डावीत पिल्लं होती, असं सांगतात. घर निंबाजीच्या पोरांकडं आलं, सरळ वाटेनं.

मीही आता ह्या घरात एकटीच असते. पोरं पुण्याला, त्यांचे फोन येतात. माझी सकाळ ह्या उंबऱ्यावर जाते. तो बघा, आला. उखळावर बसलाय. हलू नका.

आजही दिवाळीत तुम्ही घाटाच्या वाटेनं वर येताना बघितलंत तर आमचं गाव अर्धंच पेटलेलं दिसेल: दर दाराला उजवीकडं दिवा, डावीकडं काळोख. परक्या माणसाला वाटतं, तेल कमी पडलं असेल. आणि आजही नवी सून पहिल्या सांजेला दिवा घेऊन चुकून डावीकडं वळली की घरातली म्हातारी तिचा हात धरते. सून विचारते, इथं का नाही? तेव्हा म्हातारी स्वतःचं काही सांगत नाही. धुरपदा त्या दिवशी निंबाजीला जे बोलली, तेच जसंच्या तसं सांगते:

"इतकी वर्सं घरी कुणीतरी यावं म्हणून मी हितं दिवा लावला, भावजी, आता कुणीतरी आलंय, तर त्याच्याच अंगावर लावू व्हय?"