पाणचक्कीतली हाक

“बाबा, हे चाक माझंच नाव का घेतं?”

दाऊदने विचारलं खरं, पण उत्तर त्याने मनात आधीच ठरवून ठेवलं होतं. दर्ग्यामागच्या पाणचक्कीवर तीन वर्षं राबून त्याला ज्ञान किती झालं ठाऊक नाही, ऐट मात्र भरपूर आली होती.

त्याचे गुरू, म्हातारे शहाबाबा, जात्याच्या तोंडात गहू ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही. कधीपासून ऐकू येतं, एवढंच विचारलं.

पंधरा दिवस झाले, दाऊद म्हणाला. पाटाचं पाणी पात्यांवर आदळतं, चाक फिरतं, चाकाबरोबर वरचं जातं फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्याला दाऊद… दाऊद… अशी हाक येते. एवढ्या लोकांतून बोलावणं आपल्यालाच आलं, तेव्हा बाबांनी आता आपल्याला दर्ग्याच्या गादीवर बसवावं, असंही त्याने सुचवून टाकलं.

बाबांनी गव्हाची टोपली खाली ठेवली.

“पाटात फळी घाल.”

दाऊद दचकला. ही चक्की थांबलेली त्याने कधी पाहिलीच नव्हती. दाणे संपले तरी बाबा ती रिकामी फिरू देत. दगड उगाच झिजतात म्हणून दाऊदनेच कितीदा कुरकुर केली होती.

त्याने फळी घातली. पाणी अडलं. चाकाने आणखी दोन फेरे घेतले आणि ते थांबलं. भर दुपारी सगळीकडे चिडीचूप झालं.

“दाऊद…”

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो वाकून चाकाखाली पाहू लागला. तिथे ओलं शेवाळ होतं, दुसरं काही नव्हतं.

पुन्हा हाक आली. या वेळी हाकेच्या आधी खोकला ऐकू आला. इतके दिवस तो चाकाच्या खडखडाटात बुडून गेला होता.

खोकला ओळखीचा होता. आंधळे अब्बा ओट्यावर बसून आधी खोकायचे, मग हाक मारायचे, दाऊदने हात धरून आत न्यावं म्हणून. एका सकाळी त्यांना तसंच ओट्यावर बसवून, न सांगता, दाऊद अल्लाच्या शोधात निघाला होता.

“अब्बा अजून ओट्यावरच…” त्याला रडू कोसळलं.

त्याने घोंगडी उचलली. गादीचं नावही काढलं नाही. पायऱ्या उतरताना त्याने वळून पाहिलं, तर बाबांनी दोन्ही कान तळहातांनी घट्ट दाबून धरले होते.

“बाबा, तुम्हालाही…?”

“तुझा ओटा अजून आहे,” बाबा म्हणाले. “जाताना तेवढी फळी काढून जा.”